घरी वापरायला फुकट

टेबलावर दोन कागद होते. एकावर माझं नाव टाइप केलेलं, दुसऱ्यावर माझ्या मुलीचं. माझ्या कागदात लिहिलं होतं की लातूरचा तो कॉम्प्युटर माझ्या राहत्या घरातला आहे आणि त्यावर कसलाही धंदा चालत नाही. मुलीच्या कागदात लिहिलं होतं की घरगुती अडचणीमुळं ती नोकरी सोडत आहे. पहिल्यावर मी सही केली तर दुसरा फाडायचा. मी नाही केली तर दुसऱ्यावर तिनं करायची. संस्थेच्या सचिवांनी हे मला दोनदा समजावून सांगितलं, पेनाचं टोपण काढलं आणि पेन माझ्या हातात दिलं.

नांदेडचं कॉलेज, पहिला मजला. मला खुर्चीत बसवेना. उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. मुलगी भिंतीला टेकून उभी होती. पंचेचाळिशी ओलांडलेली बाई, आणि उभी अशी, जशी गृहपाठ न केलेली पोरगी.

"आजी, विचार कशाचा करून राहिल्या?" सचिव म्हणाले. तिथं सगळे त्यांना सर म्हणतात. "तुम्ही काट्यावरच राहता ना? तिथंच झोपता, तिथंच जेवता. मग ते घरच झालं की."

हे खोटं नव्हतं. म्हणून तर मी पेन घेऊन तशीच उभी राहिले.

माझा वजनकाटा आहे, लातूरहून औशाला जाताना रस्त्याच्या डाव्या अंगाला. जमिनीत लोखंडी फलाट, त्यावर भरलेली गाडी चढते, केबिनीत आकडा दिसतो, पावती निघते. गाडी रिकामी होऊन परत येते, पुन्हा वजन, पुन्हा पावती. काटा आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, टाकला. ते गेल्यावर लोक म्हणाले विकून टाक. मी बसले. माझं शिक्षण चौथीपर्यंत. मराठी वाचते, बोट लावून वाचते, पण वाचते. इंग्रजी येत नाही. कॉम्प्युटरवर कुठलं बटण कुठं आहे ते जागेवरून ओळखते, शेजारणीचं दार ओळखावं तसं.

केबिनीच्या मागं एक खोली आहे. खाट, गॅस, मोरी. गावातलं घर भाड्यानं दिलंय. मी इथंच असते.

परवाना काय असतो ते मला शिकवायची गरज नाही. दर वर्षी वजनमापेवाला येतो, त्याची वजनं फलाटावर ठेवून काटा तपासतो, तार ओवून शिशाची मोहर लावतो. त्या मोहरेशिवाय पावती म्हणजे रद्दी. मी पावती फाडताना मोंढ्यातला आडत्या आधी माझ्या भिंतीवरचं सर्टिफिकेट बघतो, मग माझ्याकडं.

गेल्या साली दसऱ्याच्या तोंडावर कॉम्प्युटर मेला. सोयाबीन निघायला लागलं होतं. नवा कॉम्प्युटर आणला तर काट्याचा जुना प्रोग्राम त्यात चालेना. तो ज्यानं बसवला होता त्या सोलापूरच्या माणसानं दुकान बंद केलं होतं. नवा प्रोग्राम घ्यावा तर पुन्हा तपासणी, पुन्हा मोहर, आणि सीझनमध्ये वजनमापेवाला कुणाला सापडत नाही. मी मुलीला फोन केला. ती त्या कॉलेजात कॉम्प्युटरची व्यवस्था बघायची. पोरांची प्रॅक्टिसची खोली, ऑफिसातली मशीन, पासवर्ड, सगळं तिच्या हातात.

ती सुट्टीला आली, दोन दिवस बसली आणि तिनं एक हिकमत केली. नव्या कॉम्प्युटरच्या आत एक जुना कॉम्प्युटर बसवला. खरा नाही, नुसता दिसण्यातला. पडद्यावर एक चौकोन उघडतो, आणि आतल्या प्रोग्रामला वाटतं की आपण अजून जुन्याच मशीनवर आहोत.

"म्हणजे त्याला फसवायचं?" मी विचारलं.

"फसवायचं न्हाई माय. त्याला त्याची सवयीची खोली द्यायची."

पण एक अडलं. त्या जुन्या प्रोग्रामला एक चावी लागते, पेनड्राइव्हसारखी, मागं खोचायची. ती दिसल्याशिवाय तो उघडत नाही. चावी खोचली बाहेरच्या कॉम्प्युटरला, आतल्याला ती दिसेना. मुलगी म्हणाली, यासाठी एक जोडणी मिळते, वरचा तुकडा, तो टाकला की दिसेल. काट्याच्या कॉम्प्युटरला नेट नाही. तिनं आपल्या ऑफिसच्या लॅपटॉपवर तो तुकडा उतरवला, ऑफिसच्याच मेलवरून आत जाऊन. पेनड्राइव्हवर घेतला, इकडं टाकला.

त्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडं हत्यारं पुजतात. मालक असताना काट्याला हळदीकुंकू व्हायचं, आता कॉम्प्युटरलाही होतं. आणि नव्या वस्तूला पहिला हात घरातल्या मोठ्या बाईचा, हेही आमच्याकडं आहे. मुलीनं सगळं तयार केलं आणि शेवटचं एक बटण माझ्यासाठी राखून ठेवलं. पडद्यावर इंग्रजीत लांबच्या लांब मजकूर होता. खाली बटण, पण ते फिकं. मजकूर पार तळापर्यंत खाली ओढला की मगच ते दाबता येतं. तिनं सर्रकन ओढला.

"काय लिहिलंय गं एवढं?"

"हेच की मान्य हाय. घरी वापरायला फुकट हाय. दाब."

मी दाबलं. वर कुंकवाचं बोट लावलं. न वाचलेल्या कागदाला मी जन्मात अंगठा दिला नाही. मालकांच्या भावांनी वाटणीचा कागद पुढं केला होता, तेव्हा मी तो तीन दिवस ठेवून घेतला होता. आणि इथं कुंकवाच्या नादात दाबून मोकळी झाले. वर तिनं 'घरी' म्हटलेलं मी ऐकलं होतं. ऐकून सोडून दिलं.

समोर चहाचा गाडा आहे. गाडेवाला देगलूरकडचा, तोंडानं फटकळ. उन्हाळ्यात पुरवठा खात्याचा माणूस येऊन त्याची गॅसची लाल टाकी उचलून घेऊन गेला. लाल टाकी घरची, धंद्याला निळी लागते, हे रस्त्यावरच्या कुत्र्यालाही माहीत आहे. मी त्याला आधीच सांगितलं होतं.

"मावशी, मी हितंच निजतो," तो म्हणाला. "मग हे माझं घर न्हाई का?"

"घर आसंल तर गिऱ्हाइकाला पाहुणा म्हण आन् चहा फुकट पाज."

बाकड्यावरचे ड्रायव्हर हसले. मीही हसले. माझ्या केबिनीत काय चाललंय ते मला तेव्हा माहीत नव्हतं, असं म्हणाले तर ते अर्धंच खरं होईल.

यंदा गणपती बसले आणि मुलीचा फोन आला. भर दुपारी, फलाटावर ट्रॅक्टर उभा.

"माय, तो चौकोन बंद कर. उघडू नको."

"गाडी हाय वर."

"गाडी राहू दे. बंद कर आधी. आन् उद्या नांदेडला ये."

त्या ट्रॅक्टरवाल्याला मी आकडा बघून हातानं पावती लिहून दिली. तो ती उलटीसुलटी करून बघत राहिला. "काकू, हे आडत्या घेणार न्हाई." नाहीच घेतली. पुढच्या दोन गाड्या नुसता कॉम्प्युटर बंद बघून वळल्या. मी फलाटाला साखळी लावली. काट्याचा शिक्का पिशवीत टाकला, तो मी मागं ठेवत नाही.

सकाळच्या गाडीनं निघाले. चाकूर येईपर्यंत तीन जागा बदलल्या. खिडकीपाशी ऊन, मागं हादरे, पुढं कंडक्टरची बडबड. काय झालंय ते फोनवर तिनं सांगितलं नव्हतं. अहमदपूरला गाडी थांबली तर खाली उतरून फेऱ्या मारल्या. कंडक्टर म्हणाला, "आजी, गाडी सुटल, बसा." लोह्याला मी पुन्हा उतरले.

मुलगी कॉलेजच्या फाटकातच होती. तिथंच जिन्याखाली तिनं सगळं सांगितलं.

ज्या कंपनीचा तो आतला कॉम्प्युटर, तिच्याकडून संस्थेला मेल आला होता. त्यांचा मुख्य भाग फुकट आहे, कुणालाही, धंद्यालासुद्धा. पण वरचा तुकडा वेगळा. तो स्वतःपुरता घरी वापरला तर फुकट. शाळा-कॉलेजात शिकवायला वापरला तर फुकट. धंद्यात वापरला तर परवाना घ्यावा लागतो. कॉलेजनं पोरांच्या प्रॅक्टिसच्या खोलीत तो टाकला होता, त्याची काही अडचण नव्हती. पण त्यांच्या यादीत एक तुकडा लातुरातून उतरवलेला दिसत होता, कॉलेजच्या मेलवरून, मुलीच्या नावानं. कॉलेजची शाखा लातुरात नाही. त्यांनी विचारलं होतं, हा कशासाठी?

"मग एक परवाना घेऊन टाकू," मी म्हणाले.

"एक देत न्हाईत माय. घ्यायचा तर गठ्ठ्यानं घ्यावा लागतो."

मी एक पोतं मागायला जावं आणि दुकानदारानं ट्रक भरून घे म्हणावं, तसं. नियम असाही असतो. मोहर लावायला आलेला माणूस कधी म्हणत नाही की शंभर काटे असतील तरच लावतो.

"आन् तुझे सर?"

"ते म्हणतात, संस्थेच्या मेलवरून घेतलं म्हणजे संस्था अडकणार. एक तर ते घरचं होतं असं दाखव, न्हाई तर मी तुला काढलं असं मला दाखवता आलं पाहिजे."

मग आम्ही वर गेलो. आणि ते दोन कागद.

"कोण बघायला येतंय औशाच्या रस्त्यावर?" सर म्हणाले. "मेल पाठवणारे मुंबईत बसलेत. त्यांना काटा आणि किराणा सारखाच."

हेही खरं. काट्याच्या कॉम्प्युटरला नेट नाही. तो तुकडा तिथं वर्षभर काय करत होता ते जगात तिघांनाच माहीत होतं आणि तिघंही त्या खोलीत होतो. माझं मन सहीकडं झुकलं होतं. उगाच साळसूदपणा कशाला दाखवू? नवऱ्याशी पटलं नाही म्हणून ती पोर एकटी राहते, तिचा मुलगा शिकतोय, नोकरी तेवढी एक. मी पेन टेकवलंही होतं.

पण सही करण्याआधी वाचायचं, हे यावेळी मी जिन्याखालीच ठरवलं होतं. बसले आणि बोट लावून वाचायला लागले. सरांनी घड्याळ बघितलं. एक फोन घेतला. मी दुसऱ्या ओळीवर होते. त्यांनी दुसरा फोन घेतला. 'राहते घर' या शब्दांवर मला चहावाला आठवला आणि क्षणभर हसू आलं. माझ्या दारावर बोर्ड आहे. लाइटीचा मीटर धंद्याचा आहे, दर महिन्याच्या बिलावर तसं छापून येतं. आडत्यांकडं माझ्या पावत्यांची बंडलं आहेत, तारीख-वेळेसकट. सोयाबीनची एकेक गाडी पाहुणी म्हणून आली होती म्हणावं लागलं असतं.

मग मी तळाला आले. माझ्या सहीच्या जागेखाली आणखी एक जागा होती. 'वरील माहिती मी स्वतः तपासली असून ती खरी आहे.' आणि तिथं माझ्या मुलीचं नाव, हुद्द्यासकट.

"हे खाली हिचं कशाला?"

"ते नुसतं रीतीपुरतं आजी."

"तुमचं घाला मग. रीतीपुरतंच हाय तर."

 सरांनी पेपरवेट उचललं, परत ठेवलं.

उद्या कुणी औशाच्या रस्त्यावरून जाताना बोर्ड वाचला असता, तर मी म्हातारी अडाणी बाई म्हणून सुटले असते. सर म्हणाले असते, आमच्या बाईंनी तपासलं होतं. अडकणार कोण ते कागदावर टाइप होऊन आलं होतं. मी पेन खाली ठेवलं.

"एक कोरा कागद द्या."

मी लिहायला बसले. माझं अक्षर मोठं, ओळ चढत जाते. मी लिहिलं की मी काट्याची मालक आहे. गेल्या दसऱ्यापासून यंदाच्या गणपतीपर्यंत तो तुकडा माझ्या धंद्याच्या कॉम्प्युटरवर वापरला. मान्य आहे म्हणून बटण मी दाबलं. तो माझ्या मुलीनं माझ्यासाठी आणला, तिनं ऑफिसचा मेल वापरला ही तिची चूक आहे. काट्याचा आणि संस्थेचा काही संबंध नाही. आता वापर बंद केला आहे. जे काही विचारायचं ते मला विचारा. सही केली. मग पिशवीतून शिक्का काढला. शाई नव्हती, सरांच्या पॅडवर दाबला आणि कागदावर मारला.

सरांनी कागद दोनदा वाचला. "तिची चूक, हे तुम्हीच लिहून दिलंत."

"हायच तिची चूक. पण तुमची न्हाई, हेबी लिहून दिलंय. तेवढंच पाहिजे व्हतं ना तुमाला?"

"हे इंग्रजीत करावं लागेल," एवढंच ते म्हणाले. मुलीचा राजीनामा त्यांनी फाडला नाही आणि पुढंही सरकवला नाही. टेबलाच्या खणात टाकला, खण लावला.

स्टँडपर्यंत मुलगी माझ्यापुढं दोन पावलं चालली. लातूरची गाडी लागायची होती. फलाटावर तिनं तोंड उघडलं.

"सही केली असतीस तर दहा मिनिटांत सुटलो असतो."

"खाली तुझं नाव व्हतं."

"ठाऊक हाय मला. तो कागद मीच टाइप केला होता माय."

मी तिच्याकडं बघितलं. तिनं नजर वळवली नाही.

"सरांनी सांगितलं आन् तू केलास?"

"सरांनी नुसतं तुझं सांगितलं होतं. माझं नाव मी घातलं. तू एकटी अडकू नये म्हणून."

 मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"काट्यावर बसून बसून," ती म्हणाली, "तुला माणूसबी क्विंटलातच दिसतो. 'तिची चूक.' लिहायला हात अडला न्हाई तुझा?"

"न्हाई अडला."

गाडी लागली. मी चढले. ती खिडकीपाशी आली नाही, पण गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत उभी होती.

मग महिना, सव्वा महिना, माझं कशात लक्ष लागलं नाही. आकडा लिहायचा आणि गाडीवाला गेल्यावर पुन्हा बघायचा, बरोबर लिहिला का. दुपारी पडायचं म्हटलं तर उठून बसायचं. कंपनीचा मेल आला की मुलगी मला वाचून दाखवायची, कोरड्या आवाजात, बातम्या सांगितल्यासारखं. त्यांनी विचारलं, किती मशीन? मी म्हणाले, एक. काढून टाकलं का? टाकलं. पडद्याचा फोटो पाठवा. पाठवला. मग त्यांनी गठ्ठ्याचा भाव पाठवला. मी कळवलं की माझ्याकडं एक काटा आहे आणि कॉम्प्युटरही एकच आहे. त्यानंतर मेल आला नाही. 'मिटलं' असंही कुणी कळवलं नाही. मुलीचा फोन आला की मी अजून पहिलं मेलचंच विचारते.

चहावाल्याला कुठून कळलं कोण जाणे. एक दिवस पाच-सहा गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "काय मावशी, तुमचीबी लाल टाकी धरली म्हणं."

"धरली बाबा."

"मग आता?"

"आता निळी."

सीझनभर हातानं पावत्या लिहिल्या. ओळखीच्या आडत्यांनी त्या चालवून घेतल्या, पण निम्म्या गाड्या दुसऱ्या काट्यावर गेल्या. दिवाळीनंतर वजनमापेवाला सापडला, नवा प्रोग्राम घेतला, तपासणी झाली, मोहर लागली. त्याच्याही पडद्यावर लांबचा मजकूर आला. बसवणारा माणूस तो ओढायला लागला तेव्हा मी त्याचा हात धरला आणि म्हणाले, वाच. मराठीत सांग. त्याला पाऊण तास लागला. तो परत माझ्याकडं यायला तयार नाही.

मुलीची नोकरी गेली नाही. पण सरांनी तिच्याकडचे पासवर्ड आणि मशीनच्या खोलीची किल्ली काढून घेतली आणि तिला परीक्षा विभागात बसवलं. तिथं ती उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मोजून घेते. ज्या कामासाठी शिकली ते काम आता दुसरं कुणी करतं. राजीनामा अजून खणात आहे, सहीशिवाय. तारखेची जागा मोकळी सोडलेली, हे तिनंच मला सांगितलं.

यंदा खंडेनवमीला ती आली नव्हती. कॉम्प्युटरला कुंकू मीच लावलं.

जे काही गेलं ते आम्हा दोघींचंच गेलं. ती नांदेडला आहे, मी औशाच्या रस्त्यावर काट्यावर आहे.